सार्वजनिक आरोग्यसेवेची परिभाषा : वसई-विरारच्या निमित्ताने काही विचार

१. प्रास्ताविक

शासनाच्या आरोग्यविषयक धोरणाचा विचार सामान्यतः वैद्यक, अर्थशास्त्र किंवा लोकप्रशासन या शास्त्रांचे अभ्यासक करतात. भाषेच्या अभ्यासकाला त्या विचारात स्थान आहे काय, असा प्रश्न कोणी केल्यास तो अप्रस्तुत ठरणार नाही. प्रस्तुत लेखकाचे उत्तर होकारार्थी आहे. धोरण हे प्रथम शब्दांत अवतरते. कोणत्या वस्तीला ‘ग्रामीण’ म्हणावे, कोणत्या इमारतीला ‘केंद्र’ म्हणावे, कोणत्या रुग्णालयाला ‘शासकीय’ म्हणावे, हे एकदा ठरले म्हणजे तेथे किती माणसे नेमावयाची, किती पैसा द्यावयाचा आणि दारी आलेल्या रुग्णाकडून काय घ्यावयाचे, हेही पुष्कळ अंशी ठरून जाते. तेव्हा या संज्ञांची चिकित्सा हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे.

या विवेचनासाठी वसई-विरार हा प्रदेश आधाराला घेतला आहे. येथे खेडे आणि शहर, समुद्रकाठ आणि डोंगरपायथा, जुने रहिवासी आणि नवे स्थलांतरित हे सर्व काही कोसांच्या आत एकत्र आले आहेत. त्यामुळे आरोग्यव्यवस्थेची परिभाषा जेथे जेथे ताणली जाते, तेथील ताण या प्रदेशात स्पष्ट दिसतो.

२. ‘आरोग्य’ आणि ‘सार्वजनिक’

मराठीत ‘आरोग्य’ हा शब्द रूढ आहे. हिंदीने त्याच अर्थी ‘स्वास्थ्य’ हा शब्द स्वीकारला. दोन्ही संस्कृत असले तरी त्यांची घडण भिन्न आहे. ‘अरोग’ म्हणजे ज्याला रोग नाही तो. त्याचा भाव ते आरोग्य. म्हणजे हा शब्द मुळात अभाव दर्शविणारा आहे. ‘स्वस्थ’ म्हणजे जो आपल्या ठायी स्थिर आहे तो. त्याचा भाव ते स्वास्थ्य. हा शब्द भावरूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेने केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे. शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती म्हणजे आरोग्य, अशी व्याख्या केली. ही व्याख्या मराठीत सांगू लागले की वक्त्याची मोठी पंचाईत होते. ‘रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे’ हे वाक्य व्युत्पत्तीच्या दृष्टीने स्वतःलाच खोडून काढणारे आहे! अर्थात, शब्द व्युत्पत्तीने बांधलेले नसतात. रूढीने त्यांचा अर्थ विस्तारतो. तथापि, आपल्याकडे आरोग्यखाते म्हणताच साथ, लस आणि औषध एवढेच डोळ्यांसमोर येते; अन्न, पाणी व निवारा ही येत नाहीत, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

‘सार्वजनिक’ या विशेषणाचीही अशीच कथा आहे. मुंबई प्रांतात रोग्यांवर उपचार करणारे वैद्यक खाते आणि साथी, लस टोचणे व स्वच्छता पाहणारे सार्वजनिक आरोग्य खाते ही दीर्घकाळ वेगळी नांदली. १९७० मध्ये महाराष्ट्रात वैद्यकीय शिक्षण व संशोधनाचे संचालनालय स्वतंत्र झाले, आणि उपचार व प्रतिबंध ही दोन्ही कामे आरोग्यसेवा संचालनालयाच्या छत्राखाली आली. तेव्हापासून ‘सार्वजनिक आरोग्य’ या संज्ञेत दोन अर्थ राहतात : एक, सर्व लोकांचे आरोग्य, दुसरा, शासनाने पुरविलेली वैद्यकीय सेवा. धोरणाच्या कागदांत हे अर्थ एकमेकांच्या जागी येत असतात, आणि वाचकाला कोठे कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे संदर्भावरून ताडावे लागते.

३. संघटनेचा पाया

आज दिसणाऱ्या रचनेचा उगम भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात आहे. उपचार व प्रतिबंध यांची फारकत असू नये, आणि त्यांची एकत्र सोय लोकवस्तीच्या निकट असावी, हे या समितीचे मुख्य सूत्र होते. नजीकच्या काळासाठी ४० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा तिने हिशेब मांडला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूहविकास कार्यक्रमाबरोबर ही केंद्रे प्रत्यक्षात येऊ लागली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील केंद्रे त्यांच्याकडे गेली.

पुढे या केंद्रांखाली उपकेंद्रे आणि त्यांच्या वर ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये व जिल्हा रुग्णालये अशी उतरंड तयार झाली. लोकसंख्येचे प्रमाणही ठरले. सपाट प्रदेशात ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र व ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात हेच प्रमाण अनुक्रमे ३ हजार व २० हजार.

या परिभाषेचा मराठी वेश बेतण्याचे काम राज्याच्या आरंभीच झाले. भाषा संचालनालयाची स्थापना ६ जुलै १९६० ची. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश इत्यादी कोशांनी हजारो मराठी संज्ञा सिद्ध केल्या. ‘जिल्हा शल्यचिकित्सक’, ‘बाह्यरुग्ण’, ‘आंतररुग्ण’ हे शब्द आज कार्यालयीन मराठीत सहज वावरतात. काही शब्द मात्र भाषांतराची खूण मिरवीत राहिले. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय हे त्याचे उदाहरण होय. इंग्रजीतील मूळ कल्पना लहानशा, घरगुती रुग्णालयाची. ‘कुटीर’ म्हणताच मराठी माणसास आठवते ती ऋषीची पर्णकुटी.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. जिल्ह्यात आरोग्याचे दोन प्रमुख असतात. प्राथमिक केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तर ग्रामीण रुग्णालयापासून वरची रुग्णालये राज्यशासनाच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. एकाच रुग्णाचा प्रवास या दोन अधिकारक्षेत्रांतून होतो. रुग्णाच्या लेखी तो एकच आजार असतो. कागदोपत्री मात्र त्याची मालकी वाटेत बदलते.

४. ‘ग्रामीण’ आणि ‘नागरी’

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांच्या समावेशास तीव्र विरोध झाला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, आणि त्यावरील न्यायालयीन वाद पुढे अनेक वर्षे चालला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. म्हणजे अवघ्या पाच वर्षांत येथील कित्येक गावकऱ्यांचा ग्राम, नगर व जिल्हा हा तिन्ही प्रकारचा पत्ता बदलला. त्यांची घरे, विहिरी आणि वाड्या होत्या तेथेच राहिल्या.

आता परिभाषेचा परिणाम पाहू. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने शहरात ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, असे प्रमाण घातले. ग्रामीण रचनेतील उपकेंद्राला या नागरी रचनेत स्थान नव्हते; परिचारिकेने वस्तीत जाऊन काम करावे, अशी योजना होती. २०११ च्या जनगणनेत या महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार भरली. ग्रामीण प्रमाणाने एवढ्या लोकसंख्येस ४० केंद्रे व त्यांखाली २४४ उपकेंद्रे लागली असती. नागरी प्रमाणाने २४ केंद्रे पुरतात. हा हिशेब केवळ तुलनेसाठी आहे, कारण यांपैकी बहुतेक लोकसंख्या महापालिकेपूर्वीही नगरपरिषदांच्याच हद्दीत होती. परंतु त्यातून तत्त्व कळून येते : ‘ग्रामीण’ या शब्दाच्या जागी ‘नागरी’ हा शब्द आला की, माणसे तीच असूनही, त्यांना देय असलेल्या सेवेचे माप बदलते.

शहरात दळणवळण सुलभ असते, खाजगी वैद्य पुष्कळ असतात, म्हणून केंद्रे विरळ असली तरी चालेल, हा या प्रमाणामागील तर्क. नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीस तो अंशतः लागू पडतो. तथापि, अंतर केवळ कोसांत मोजावयाचे नसते. दिवसाच्या मजुरीवर पोट असलेल्या कुटुंबास दवाखान्याची वेळ व कामाची वेळ एक असणे हेही अंतरच होय. या उणिवेची जाणीव पुढे धोरणकर्त्यांनाही झाली, आणि १५ ते २० हजार नागरी लोकसंख्येमागे एक लहान केंद्र असावे, असे नवे प्रमाण आले. महाराष्ट्रातील ‘आपला दवाखाना’ ही योजना त्याच दिशेची आहे. ग्रामीण रचनेतील पायरी शहराला वेगळ्या नावाने परत मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही.

राज्यघटनेची भाषाही या संदर्भात पाहण्याजोगी आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हा विषय सातव्या अनुसूचीत राज्यांकडे सोपविलेला आहे. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी अकरावी व बारावी अनुसूची जोडली. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य व स्वच्छता या नोंदीमध्येच रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने यांचा नामनिर्देश आहे. नगरपालिकांसाठी असलेल्या बाराव्या अनुसूचीतील नोंदीत सार्वजनिक आरोग्य, सफाई व घनकचरा व्यवस्थापन एकत्र आले आहे. रुग्णालयाचे नावही नाही. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या कायद्याने रुग्णालये व दवाखाने हे महापालिकेचे कर्तव्य ठरविले आहे, हे खरे. तरीही घटनेच्या त्या नोंदीत शहराच्या आरोग्याची सोबत कचऱ्याशी जुळावी, याला जुन्या ‘स्वच्छता’प्रधान कल्पनेचा अवशेष म्हणता येईल.

५. ‘सरकारी’ या शब्दाची व्याप्ती

बोलीभाषेत ‘सरकारी दवाखाना’ ही एकच कोटी आहे. ज्याचे मालक डॉक्टर नाहीत, जेथे केसपेपर काढावा लागतो, रांग असते आणि पैसे थोडे लागतात, तो सरकारी दवाखाना. प्रशासनाच्या भाषेत मात्र त्याच्या किमान तीन जाती होतात : राज्यशासनाचा, जिल्हा परिषदेचा आणि महापालिकेचा. वसईतील सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्यातील तुळींज रुग्णालय ही महापालिकेची. अर्नाळ्यासारखी ग्रामपंचायत असलेली गावे जिल्हा परिषदेच्या व्यवस्थेत. त्याहून वरचे उपचार राज्याच्या रुग्णालयांत किंवा थेट मुंबईत.

हा भेद शैक्षणिक नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. वार्ता पसरली ती ‘सरकारी रुग्णालयात उपचार मोफत’ या शब्दांत. त्या निर्णयाच्या कक्षेत विभागाच्या अखत्यारीतील संस्था होत्या. महापालिकेच्या रुग्णालयांतील शुल्क महापालिका ठरवते. शहरातील रुग्ण मात्र लोकभाषेतील ‘सरकारी’ मनात धरूनच खिडकीपाशी उभा राहतो. खिडकीमागील कारकून शासनभाषेतील अर्थाने उत्तर देतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात, आणि तरीही रुग्णाला आपण फसलो असे वाटते. अशा प्रसंगी उत्पन्न होणारा अविश्वास पुढच्या आजारात त्याला दवाखान्यापासून दूर ठेवतो.

६. नावांची उलथापालथ

याच काळात इमारतींवरील पाट्याही बदलत गेल्या. २०१८ पासून निवडक उपकेंद्रे व प्राथमिक केंद्रे ‘आरोग्यवर्धिनी केंद्रे’ झाली. २०२३ मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव आले. ‘आरोग्यवर्धिनी’ हे एका प्रसिद्ध आयुर्वेदीय गुटीचेही नाव आहे, हे वैद्यकाच्या जाणकारांस ठाऊकच आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. लोक आजही ‘जीवनदायीत बसते का?’ असेच विचारतात. भाषेत नावे आदेशाने रुजत नाहीत. जे नाव एखाद्याच्या संकटकाळी उपयोगी पडले, तेच रुजते. २०१४ मध्ये आलेल्या रुग्णवाहिका सेवेस कोणीही लांबलचक नावाने ओळखीत नाही. ‘एकशेआठ बोलवा’ एवढे पुरते. येथे दूरध्वनीचा क्रमांकच नाम झाला आहे.

कधी कधी मात्र नावातील बदल धोरणातील खऱ्या बदलाचा द्योतक असतो. आणीबाणीतील सक्तीच्या शस्त्रक्रियांनंतर १९७७ मध्ये ‘कुटुंबनियोजन’ हे नाव मागे पडून ‘कुटुंबकल्याण’ आले. जुन्या शब्दाला चिकटलेले भय पुसून टाकण्याचा तो प्रयत्न होता. याउलट ‘आशा’ हे नाव पाहावे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील एका इंग्रजी पदनामाच्या आद्याक्षरांचा हा जोड. पण मराठीत तो एका परिचित स्त्रीनामाशी आणि एका अर्थपूर्ण शब्दाशी जुळला. ‘आशाताई’ हे संबोधन शासनाने दिलेले नाही, ते गावाने दिले. संस्थेच्या प्रतिनिधीला नात्याचे नाव मिळणे, ही त्या योजनेच्या यशाची एक भाषिक साक्ष होय.

७. रुग्णाची भाषा

धोरणाच्या परिभाषेसमोर रुग्णाची स्वतःची परिभाषा उभी असते. मराठीत रोगाला ‘अंगावर काढणे’ असा वाक्प्रचार आहे. उपचार न करता, काम चालू ठेवून, आजार आपोआप ओसरेल या भरवशावर दिवस ढकलणे, एवढा अर्थ त्या दोन शब्दांत सामावला आहे. प्राथमिक आरोग्यव्यवस्थेचे एकंदर प्रयोजन एका वाक्यात सांगावयाचे तर असे सांगता येईल : कोणालाही आजार अंगावर काढण्याची पाळी येऊ नये. डॉक्टरच्या ‘हाताला गुण’ असतो, हा दुसरा प्रयोग. लोकांचा विश्वास संस्थेवर नसून व्यक्तीवर असतो, हे त्यातून व्यक्त होते. आणि वारंवार होणाऱ्या बदल्यांनी केवळ एक पद रिकामे होत नाही, जमा झालेला ‘गुण’ही नष्ट होतो, हे धोरणाने ओळखले पाहिजे. देवीच्या रोगाचे १९७७ मध्ये भारतातून उच्चाटन झाल्याचे प्रमाणित झाले. पण ‘देवी काढणे’ हा लस टोचण्याचा वाचक प्रयोग वृद्धांच्या तोंडी त्यानंतरही टिकला. रोगाला देवता मानणारी भाषाच लसीच्याही उपयोगी पडली.

याउलट ‘संदर्भ सेवा’ हा शब्द घ्या. लहान केंद्राने रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठविणे, हा त्याचा अर्थ. नित्याच्या मराठीत संदर्भ असतो तो ग्रंथाचा किंवा वाक्याचा. काही वर्षांपूर्वी एका नातलगास घेऊन प्रस्तुत लेखक एका दवाखान्यात बसला होता. पूर्वेकडील पाड्यावरून आलेल्या एका बाईच्या हाती चिठ्ठी देऊन तिला ‘वर दाखवा’ असे सांगण्यात आले. ती निमूटपणे जिना चढून वरच्या मजल्यावर गेली, बंद दारापाशी बराच वेळ उभी राहिली, आणि परत येऊन पुन्हा रांगेच्या शेवटी बसली. ‘वर’ म्हणजे दुसऱ्या गावचे मोठे रुग्णालय, हे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगणाऱ्याच्या मनात अधिकाराची उतरंड होती. ऐकणारीच्या समोर जिना होता. तिच्या कडेवरचे मूल तापाने फणफणले होते, आणि त्या गैरसमजात तासाहून अधिक वेळ गेला.

ही अडचण वसई परिसरात अधिक तीव्र आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या किनाऱ्यावरील सामवेदी, वाडवळी, वारली इत्यादी बोलींची नोंद आहे. पश्चिमेस सामवेदी किंवा कादोडी, वाडवळी व कोळी बोली. पूर्वेस वारली व कातकरी. नव्या वस्त्यांत हिंदी, गुजराती, भोजपुरी आणि इतर अनेक भाषा. तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रातही मोडतात. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. मराठीतील ‘इस्पितळ’ हा शब्द पोर्तुगीज संपर्काचा ठसा मानला जातो. ‘दवाखाना’ अरबी-फारसीतून आला आणि ‘रुग्णालय’ संस्कृतातून घडविला गेला. उपचाराच्या जागेस इतकी नावे देणाऱ्या या भूमीत एकच प्रमाण संज्ञा सर्वांना पोहोचेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

करोनाच्या साथीने या गोष्टीचा प्रत्यय सर्वांनाच आणून दिला. बाधित व्यक्तीस वेगळे ठेवणे आणि केवळ संपर्कात आलेल्या व्यक्तीस वेगळे ठेवणे, या भिन्न क्रिया आहेत. त्यांसाठी ‘विलगीकरण’ व ‘अलगीकरण’ असे दोन शब्द प्रचारात आले. पण उपसर्गाच्या एवढ्याशा भेदावर एवढा मोठा अर्थभेद टिकेना. वृत्तपत्रांत ते एकमेकांच्या जागी छापले गेले, आणि लोकांनी दोन्ही टाकून ‘क्वारंटाइन’ हाच शब्द पत्करला.

याच जिल्ह्याच्या इतिहासात एक अधिक गंभीर धडा आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालमृत्यू झाले, आणि त्यानंतर १९९५ मध्ये शासनाची नवसंजीवनी योजना आली. तिच्या रचनेत पाड्यातीलच स्वयंसेवक, दाई आणि भगत यांना सोबत घेण्याचा विचार होता. तो केवळ संख्याबळासाठी नव्हता. पाड्यावरच्या माणसाला त्याच्याच बोलीत, त्याच्या विश्वासातील व्यक्तीने सांगितल्यावाचून सेवा पोहोचत नाही, ही त्यामागील भूमिका होती. भाषा हा आरोग्यसेवेचा अलंकार नसून तिचा एक अवयव आहे, हे त्या दुःखद अनुभवानंतर अप्रत्यक्षपणे मान्य झाले.

८. उपसंहार

या विवेचनावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली : हद्द बदलून ग्रामीण भाग नागरी होतो तेव्हा सेवेचे माप शब्दाबरोबर आपोआप बदलू नये, वस्तीची प्रत्यक्ष स्थिती पाहून ते ठरावे. दुसरी : प्रत्येक दवाखान्याच्या दर्शनी भागी तो कोणाचा, तेथे काय निःशुल्क मिळते आणि काय मिळत नाही, हे साध्या मराठीत व स्थानिक भाषांत लिहिलेले असावे. खाजगी शुश्रूषागृहांवर २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावण्याचे बंधन घातले आहेच. तो दंडक सार्वजनिक रुग्णालयांनी स्वतःहून पाळावयास कोणाची हरकत असणार? तिसरी : आरोग्यसेविका व आशाताई यांच्या प्रशिक्षणात त्या त्या भागातील बोलींतील रोगवाचक शब्द, वेदनांची वर्णने व वाक्प्रचार यांचे संकलन असावे. हे काम भाषाविज्ञानाच्या विभागांनीच करण्याजोगे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी याहून उपयुक्त क्षेत्र क्वचितच सापडेल.

शेवटी ज्या शब्दाचा उल्लेख नुकताच झाला त्याकडे वळू. कायद्याने खाजगी रुग्णालयासाठी ‘शुश्रूषागृह’ हा शब्द स्वीकारला आहे. ‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ धातूचे इच्छार्थक रूप; त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. जो गुरूचे ऐकू इच्छितो तो त्याची सेवा करतो, म्हणून पुढे त्या शब्दाला ‘सेवा’ हा अर्थ आला, आणि आज तो रुग्णसेवेचा वाचक झाला आहे. व्युत्पत्ती शब्दाला बांधीत नाही, असे आरंभी म्हटले. तरीही या एका शब्दाच्या बाबतीत मूळ अर्थाकडे परतण्यात लाभ आहे. ज्या व्यवस्थेत रुग्णाचे बोलणे ऐकून घेण्याची इच्छा नाही, तेथे केंद्रे, खाटा व योजना कितीही वाढल्या तरी शुश्रूषा होत नाही.